विश्लेषण : पार्सले मोजली जातात, मेहनत का नाही? फुलसावंगीच्या रस्त्यावरून डिलिव्हरीच्या कामाचा हिशेब

मोबाइलवर 'आउट फॉर डिलिव्हरी' असा संदेश आला की ग्राहकाची नजर दाराकडे लागते. हा संदेश पुण्याच्या कोथरूडमध्ये येतो, तसाच यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीतही येतो. शब्द तेच आणि अपेक्षाही तीच, की पार्सल आज घरी यावे. मात्र हा संदेश सुटल्यानंतर दुचाकीला किक मारून निघालेल्या तरुणाचा दिवस दोन्हीकडे सारखा नसतो. शहरात तो एका इमारतीत पाच पार्सले देऊन खाली उतरतो. गावाकडे एका पार्सलासाठी त्याला पाच-सहा किलोमीटर जाऊन परत फिरावे लागते.

दोघांच्या कामाचा हिशेब मात्र अनेकदा एकाच आकड्यावर होतो, तो म्हणजे आज किती पार्सले दिली. हा आकडा कुठे चुकतो, चुकीची किंमत कोण मोजतो आणि दुरुस्ती कशी करता येईल, ते पाहू.

थोडक्यात

- पार्सलांची संख्या म्हणजे कामाचे प्रमाण नव्हे. अंतर, थांबे, रस्ता आणि परत येणारी पार्सले धरल्याशिवाय काम मोजता येत नाही.
- नव्या कामगार संहितेत डिलिव्हरी कामगारांच्या सामाजिक सुरक्षेची तरतूद आहे, पण दिवसाला किती काम द्यावे यावर ती काही सांगत नाही.
- काम मिनिटांत मोजण्यासाठी लागणारी माहिती कंपन्यांकडे आधीच जमा होत असते.

फुलसावंगीपर्यंत पार्सल येते कसे?

साधारण साखळी अशी असते. विक्रेत्याच्या गोदामातून निघालेले पार्सल मोठ्या शहरातील वर्गीकरण केंद्रात येते. तिथून ट्रकने ते जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या गावी पोहोचते आणि पुढे छोट्या गाडीने शेवटच्या केंद्रात. हे केंद्र म्हणजे बहुतेक वेळा शटरचा एक गाळा, एक संगणक, एक वजनकाटा आणि दारात उभ्या चार-सहा दुचाकी. अनेक ठिकाणी ते कंपनीचे स्वतःचे नसते. स्थानिक एजन्सी किंवा फ्रँचायझी ते चालवते आणि डिलिव्हरी करणारी मुले तिच्याकडे कामाला असतात.

या व्यवसायात शेवटच्या टप्प्याला 'लास्ट माइल' म्हणतात. सगळा प्रवास ट्रकने, घाऊक होतो. फक्त शेवटच्या टप्प्यात एका माणसाला एकेका दारात जावे लागते. म्हणूनच हा टप्पा सर्वात महाग असतो आणि खर्च कापण्याचा सर्वाधिक दबावही इथेच येतो.

फुलसावंगी हे मोठे बाजारगाव आहे. पण डिलिव्हरीचा 'रूट' गावापुरता नसतो. आजूबाजूची खेडी, तांडे आणि शेतातली वस्ती हे सगळे त्यात येते. कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या या पट्ट्यात भर हंगामात दिवसा घराला कुलूप आणि माणसे वावरात, हे नेहमीचे चित्र. 'भाऊ, मी वावरात आहे, तिकडेच या' किंवा 'उद्या आणा' ही दोन वाक्ये इथल्या डिलिव्हरीवाल्याला रोज ऐकावी लागतात.

३५ पार्सलांचा दिवस ८० पार्सलांइतका मोठा कसा?

एक उदाहरण घेऊ. पुढचे आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत. फक्त गणित समजावे म्हणून ते धरले आहेत.

समजा, शहरातल्या एका मुलाला दिवसाला ८० पार्सले आहेत आणि एकूण फेरा २५ किलोमीटरचा आहे. ग्रामीण रूटवरच्या मुलाला ३५ पार्सले आहेत आणि फेरा ७० किलोमीटरचा आहे. दोघांनाही प्रत्येक दिलेल्या पार्सलामागे १५ रुपये मिळतात.

शहर : सकाळी पार्सले वेगळी करून बॅग भरायला ४५ मिनिटे. प्रत्येक पार्सलाला सरासरी ४ मिनिटे, म्हणजे ३२० मिनिटे. ताशी २० किलोमीटर वेगाने २५ किलोमीटरला ७५ मिनिटे. संध्याकाळी रोख जमा करून हिशेब द्यायला ३० मिनिटे. एकूण ४७० मिनिटे, म्हणजे ७ तास ५० मिनिटे.

गाव : बॅग भरायला तीच ४५ मिनिटे. पत्ता विचारणे, फोन लागण्याची वाट पाहणे, सुट्टे पैसे हे सगळे धरून प्रत्येक पार्सलाला ७ मिनिटे, म्हणजे २४५ मिनिटे. ताशी २५ किलोमीटर वेगाने ७० किलोमीटरला १६८ मिनिटे. हिशेबाला ३० मिनिटे. एकूण ४८८ मिनिटे, म्हणजे ८ तास ८ मिनिटे.

पार्सले निम्म्याहून कमी, पण वेळ जास्त. आता पैसे बघू. शहरातल्या मुलाचे १,२०० रुपये झाले. लिटरला ४५ किलोमीटर मायलेज आणि १०५ रुपये पेट्रोल धरले, तर त्याचे ५८ रुपये पेट्रोलवर जातात. हाती राहतात १,१४२. गावाकडच्या मुलाचे ५२५ रुपये झाले आणि पेट्रोलचे १६३ गेले. हाती राहतात ३६२. तासाचा दर काढला तर एकाला सुमारे १४६ रुपये पडतात आणि दुसऱ्याला सुमारे ४५. यात टायर, ऑइल, सर्व्हिसिंग आणि गाडीचा हप्ता धरलेला नाही.

३५ पैकी ७ पार्सले परत आली आणि परत आलेल्याचे पैसे मिळत नसतील, तर ३६२ चे २५७ होतात. किलोमीटर तेवढेच पडले, ऊन तेवढेच लागले.

संध्याकाळी केंद्राच्या पडद्यावर दिसते ते एवढेच : पहिल्याने ८० दिली, दुसऱ्याने २८. हा पडदा पाहणारा व्यवस्थापक मनाने वाईट नसला तरी दुसऱ्याला 'स्लो' ठरवतो. उद्या त्याच्या बॅगेत आणखी पाच पार्सले टाकतो.

पिनकोड एकच, मग काम वेगळे कसे?

भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक मानले जातात. सहा आकड्यांपैकी पहिले तीन वर्गीकरणाचा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय. यवतमाळ जिल्ह्यातले पिनकोड म्हणूनच ४४५ ने सुरू होतात.

ही रचना पत्रे योग्य टपाल कार्यालयापर्यंत नेण्यासाठी होती आणि ते काम तिने चोख केले. पुढे गावातला पोस्टमन सगळ्यांना ओळखत असे. खासगी कंपन्यांनी तोच पिनकोड कामाच्या वाटपाचे एकक म्हणून उचलला. ग्रामीण भागात एका पिनकोडखाली अनेक गावे येतात. बाजारपेठेतले दुकान आणि डोंगराच्या कुशीतला तांडा यांचा पिनकोड एकच असू शकतो. संगणकाला ही दोन्ही पार्सले सारखी वाटतात. एक पोहोचवायला पाच मिनिटे लागतात, दुसऱ्याला पाऊण तास.

त्यात पत्ता लिहिण्याची आपली पद्धत : 'शाळेजवळ', 'मारुतीच्या पारामागे', 'अमुक पाटलांच्या घराशेजारी'. गावातल्या माणसाला एवढे पुरते. बाहेरून आलेल्या नव्या मुलाला तीन ठिकाणी विचारावे लागते. टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी 'डिजिपिन' ही प्रणाली आणली. तिने देशाचा नकाशा सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकोनांत विभागला आहे आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी संकेत दिला आहे. ऑर्डर देतानाच हा संकेत घेतला तर तांड्यावरचे घरही नकाशावर नेमके सापडेल. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे काम वाटून देण्याआधीच अंतर कळेल.

संगणक मार्ग आखतो, मग अडचण कुठे येते?

अभियांत्रिकीच्या वर्गात एक जुने गणित शिकवतात. फिरत्या विक्रेत्याला काही गावे एकेकदा फिरून परत यायचे आहे, तर सर्वात जवळचा क्रम कोणता? ऐकायला सोपे वाटते. पण १० ठिकाणांचे ३६,२८,८०० क्रम होतात. १५ ठिकाणांचे १ लाख ३० हजार कोटींहून अधिक. प्रत्येक क्रम तपासणे शक्य नसते, म्हणून संगणक पुरेसा चांगला क्रम शोधतो.

अमेरिकेतील 'यूपीएस' या पार्सल कंपनीची 'ओरायन' ही प्रणाली याचे गाजलेले उदाहरण. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. डावे वळण घेताना समोरून येणाऱ्या गाड्यांसाठी थांबावे लागते, म्हणून अशी वळणे टाळणारे मार्ग आखले जातात. या प्रणालीमुळे वर्षाला सुमारे १० कोटी मैलांचा प्रवास वाचतो, असे कंपनी सांगते.

पण मार्ग आखणे आणि काम किती द्यायचे हे ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जवळचा रस्ता सापडला म्हणून वाचलेला अर्धा तास कामगाराला विसाव्यासाठी मिळेलच असे नाही. त्या अर्ध्या तासात आणखी पार्सले बसवता येतात. प्रणालीला 'कमीत कमी खर्च' शोधायला सांगितले तर ती तेच शोधते. 'आठ तासांच्या वर नको' ही अट कोणीतरी माणसानेच घालावी लागते.

दुसरी चूक सरासरीची. एखाद्या रूटला सरासरी आठ तास लागतात म्हणून रोज नेमके आठ तासांचे काम दिले, तर साधारण निम्मे दिवस ते आठ तासांच्या पुढे जाणारच. पंक्चर, बंद फोन, लग्नाची वरात, बाजाराची गर्दी, पाऊस यांपैकी काहीतरी रोज असतेच. सरासरीवर आखलेला दिवस ही तूट कामगाराच्या जेवणाच्या सुट्टीतून भरून काढतो, किंवा गाडीच्या वेगातून.

वेगाची किंमत लहान नसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत दुचाकीवरील लोकांचे प्रमाण सुमारे ४४.५ टक्के होते. हे सगळे डिलिव्हरी करणारे नव्हते. पण दिवसभर दुचाकीवर असणारा माणूस या धोक्याच्या किती जवळ असतो, हे सांगायला एवढा आकडा पुरेसा आहे.

हवामानाचाही हिशेब हवा. विदर्भात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की रस्ता तुटतो. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर पुरात लोक अडकले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली होती. अशा तालुक्यात बारा महिने एकच लक्ष्य ठेवणारी प्रणाली जमिनीवरची नाही, कागदावरची आहे.

पैसे न मिळणारे काम कोणते?

पार्सलामागे पैसे ठरले की पार्सल हातात देण्याव्यतिरिक्तचे प्रत्येक काम फुकट होण्याचा धोका असतो. सकाळची वर्गवारी फुकट. ग्राहकाने ओटीपी शोधेपर्यंत उभे राहणे फुकट. 'कॅश ऑन डिलिव्हरी'ची रोख मोजणे आणि भरणे फुकट. घर बंद निघाले तर गेलेली चक्कर फुकट. परत पाठवण्याच्या पार्सलांना या व्यवसायात 'आरटीओ' म्हणतात. परिवहन कार्यालयाशी त्याचा संबंध नाही, पण डिलिव्हरीवाल्याला दोन्हींची धास्ती सारखीच.

दक्षिण कोरियात हाच मुद्दा फार मोठी किंमत मोजून ऐरणीवर आला. २०२० मध्ये करोनाकाळात तिथे पार्सलांचा पूर आला आणि अनेक पार्सल कामगारांचे मृत्यू झाले. ते अतिश्रमाने झाल्याचे कामगार संघटनांनी मांडले. सकाळचे कित्येक तास कामगार केंद्रात विनामोबदला वर्गवारी करत आणि खरी डिलिव्हरी त्यानंतर सुरू होई. जानेवारी २०२१ मध्ये सरकार, कंपन्या आणि संघटना यांच्यात करार झाला. वर्गवारी ही कंपनीची जबाबदारी आहे, हे त्यात मान्य झाले आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादाही ठरली. ६० तास ही काही आदर्श मर्यादा नव्हे. पण डिलिव्हरीचे काम पार्सल हातात देण्याआधी सुरू होते, हे तिथे लेखी मान्य झाले.

टपाल खात्याने हे काम कसे मोजले?

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे आणि ते प्रत्येक गावात दिसते. ग्रामीण डाकसेवकाचा मोबदला टपाल खाते कामाच्या तासांवर ठरवते. कमलेश चंद्र समितीच्या अहवालानंतर केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०१८ मध्ये जी रचना मंजूर केली, तीत दोन गट ठेवले : ४ तासांचे काम आणि ५ तासांचे काम. १ जुलै २०१८ पासून शाखा डाकपालाला ४ तासांसाठी दरमहा किमान १२,००० रुपये आणि ५ तासांसाठी १४,५०० रुपये ठरले. सहायक शाखा डाकपाल आणि डाकसेवकांना अनुक्रमे १०,००० आणि १२,०००. त्यावर महागाई भत्ता.

याचा अर्थ असा की एखाद्या दिवशी गावात दोनच पत्रे आली म्हणून डाकसेवकाचे उत्पन्न दोन पत्रांपुरते होत नाही. त्याचा वेळ मोजलेला असतो.

ही पद्धत निर्दोष नाही. प्रत्यक्ष काम कागदावरच्या तासांपेक्षा जास्त आहे, अशी डाकसेवकांची तक्रार आहे. आठ तासांचे काम आणि पेन्शन अशा मागण्यांसाठी त्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये संपही केला. पण भांडण कशावर आहे ते पाहा. काम किती तासांचे आहे, यावर. तो प्रश्न तिथे निदान विचारता तरी येतो. 'पार्सलामागे इतके रुपये' या करारात तासांचा रकानाच नसतो, त्यामुळे भांडायलाही जागा उरत नाही.

जपानच्या कंपनीने काम कमी केले?

जपानमधील 'यामातो' ही घरपोच पार्सल सेवेतील आघाडीची कंपनी. ऑनलाइन खरेदी वाढली तसा तिच्या चालकांवरचा ताण वाढला आणि न दिलेल्या ओव्हरटाइमचा प्रश्न उघड झाला. २०१७ मध्ये कंपनीने हजारो कर्मचाऱ्यांना थकलेला ओव्हरटाइम द्यायचे ठरवले. त्याच वर्षी जूनमध्ये तिने दुपारी १२ ते २ ही डिलिव्हरीची वेळ ग्राहकांसाठी बंद केली. कारण साधे होते : त्या वेळेत चालकांना जेवता येत नव्हते. ऑक्टोबरमध्ये घरपोच सेवेचे दर वाढवले. ही २७ वर्षांतली पहिली मोठी दरवाढ होती.

त्यानंतर एप्रिल २०२४ पासून जपानमध्ये ट्रकचालकांच्या ओव्हरटाइमवर वर्षाला ९६० तासांची मर्यादा लागू झाली. माल वेळेत पोहोचणार नाही, अशी भीती तिथेही व्यक्त झाली. तरीही मर्यादा लागू झाली.

जपान आणि फुलसावंगी यांची तुलना कशाला, असे कोणी म्हणेल. दोन्हीकडचे उत्पन्न, रस्ते आणि कायदे वेगळे आहेत, हे खरे. पण दुपारी एक वाजता भूक दोन्हीकडे सारखीच लागते.

आपला कायदा काय सांगतो?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' यांची व्याख्या आली. या कामगारांच्या कल्याण निधीसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची आहे. कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा. ज्या व्यवसायांना हे लागू होते, त्यांच्या यादीत मालवाहतूक सेवा आणि ऑनलाइन बाजारपेठ या दोन्हींचा समावेश आहे.

यातून विमा, आरोग्य आणि वृद्धापकाळ यांसाठी योजना येऊ शकतात. त्या हव्याच आहेत. पण दिवसाला किती किलोमीटर, किती तास, किती पार्सले, यावर ही तरतूद काही सांगत नाही. अपघात झाल्यावर मदत देणारा कायदा आला. अपघात व्हायची वेळ येऊ नये म्हणून काम मोजणारा नियम आलेला नाही.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. स्थानिक एजन्सीकडे नियमित कामाला असलेला, तिच्या सूचनेनुसार हजेरी लावणारा मुलगा 'भागीदार' म्हणवला जात असला तरी कायद्याच्या नजरेत कामगार ठरू शकतो. तसे झाले तर दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, त्यापुढे दुप्पट दराने ओव्हरटाइम हे नियम लागू होतात. वेतन संहितेनुसार नगावर काम करणाऱ्यालाही वेळेनुसार ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. म्हणून हातात नियुक्तिपत्र आहे की नुसता अ‍ॅपवरचा आयडी, हा प्रश्न प्रत्येक मुलाने पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

राज्यांच्या पातळीवर राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदे केले. कर्नाटकच्या कायद्यात कामगाराला कामावरून काढण्याआधी १४ दिवसांची नोटीस देण्याची आणि काम वाटणाऱ्या स्वयंचलित प्रणालीची माहिती देण्याची तरतूद आहे.

महाराष्ट्राला हा विषय नवा वाटू नये. एक मालक नाही, रोज वेगवेगळ्या दुकानाचे ओझे उचलायचे, अशा हमालांसाठी याच राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीचे ते फळ होते. मालक अनेक असले तरी मंडळ एक, नोंदणी एक आणि मजुरीबरोबर मालकांकडून लेव्ही, ही त्यामागची कल्पना. पाठीवरच्या पोत्याची जागा आता पाठीवरच्या बॅगेने घेतली आहे, एवढाच फरक.

कंपन्यांची अडचण खरी नाही का?

खरी आहे. वरच्या उदाहरणातल्या गावाकडच्या मुलाला शहरातल्या मुलाइतकाच तासाचा दर द्यायचा, तर पार्सलामागे १५ ऐवजी सुमारे ३९ रुपये द्यावे लागतील. दोनशे रुपयांच्या वस्तूवर एवढा खर्च परवडत नाही, असे कंपनी म्हणेल. सगळीकडे हा नियम ताणला, तर 'तुमच्या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही' हा संदेश पुन्हा दिसू लागेल. गावातल्या दुकानात न मिळणारी पुस्तके, औषधे, शेतीपंपाचे सुटे भाग आज घरपोच येतात. ती सोय जावी असे कोणालाच वाटणार नाही. या कामाने अनेक तरुणांना गाव न सोडता रोजगार दिला, हेही विसरता येत नाही.

पण हा खर्च नाहीसा झालेला नाही. आज तो मुलाच्या पेट्रोलमध्ये, त्याच्या न मिळालेल्या जेवणाच्या सुट्टीत आणि गाडीच्या झिजेत लपलेला आहे. 'मोफत डिलिव्हरी' असे आपण ज्याला म्हणतो, ती कोणाला तरी मोफत पडत नाही. निति आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. एवढ्या लोकांच्या कामाचा हिशेब लपवून ठेवणे फार काळ चालणार नाही.

मग करायचे काय?

पहिले, काम मिनिटांत मोजा. प्रत्येक पार्सल कुठे आणि किती वाजता स्कॅन झाले, याची नोंद कंपनीकडे असतेच. मागच्या तीन महिन्यांच्या नोंदींवरून कोणत्या वस्तीला खरोखर किती वेळ लागतो, हे काढता येते. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

दुसरे, आठ तासांचा दिवस साडेसहा-सात तासांच्या कामाने भरा. उरलेला वेळ पंक्चर, पाऊस आणि जेवणासाठी राहू द्या.

तिसरे, मोबदल्याचे दोन भाग करा. हजेरी, वर्गवारी आणि हिशेब यांसाठी ठरलेली रक्कम, त्यावर किलोमीटर आणि पार्सलांनुसार रक्कम. घर बंद असले तरी गेलेल्या चकरेचे पैसे द्या. रोख कमी भरली तर काय करायचे, हे लेखी ठरवा.

चौथे, लांबच्या वस्त्यांना वार ठरवून द्या. एखाद्या तांड्याची पार्सले रोज एक-एक नेण्यापेक्षा आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी एकत्र नेली, तर किलोमीटर वाचतात आणि लोकही घरी थांबतात. गावातले किराणा दुकान पार्सल ठेवण्याची जागा होऊ शकते, मात्र दुकानदारालाही त्याचे पैसे मिळाले पाहिजेत.

पाचवे, मे महिन्यात दुपारची वेळ बंद ठेवा आणि पुराच्या दिवशी 'पेंडिंग' पार्सल कामगाराच्या खात्यात चूक म्हणून धरू नका.

सहावे, रूट ठरवताना त्या रस्त्यावरच्या मुलाला विचारा. कोणता नाला जूनमध्ये तुटतो, कोणत्या वस्तीत संध्याकाळीच माणसे भेटतात, हे नकाशाला कळत नाही. त्याला पाठ असते.

आणि ग्राहक म्हणून आपण?

फोन उचला. अनोळखी नंबर बघून कापलेला एक कॉल म्हणजे समोरच्याची दहा किलोमीटरची चक्कर असू शकते. पत्त्यात ओळखीची खूण आणि दुसरा नंबर लिहा. घरी नसाल तर आदल्या दिवशीच तारीख बदला. रोख द्यायची असेल तर सुट्टे तयार ठेवा. नको असलेली वस्तू 'बघू तर खरं' म्हणून मागवून दारातून परत पाठवू नका. आणि उशीर झाला म्हणून एक तारा देण्याआधी बाहेर ऊन किती आहे, ते एकदा बघा.

एवढ्याने त्याचा तासाचा दर वाढणार नाही. तो वाढवणे कंपनीच्या आणि सरकारच्या हातात आहे. पण फुलसावंगीच्या रस्त्यावर सकाळी ३५ पार्सले घेऊन निघालेला मुलगा दिवस मावळायच्या आत घरी पोहोचावा, एवढे तरी आपल्या हातात नक्कीच आहे.